तिकांडं बुडायची खूण

भाषण नागपूरला ध्वनिमुद्रित होऊन आठ दिवस झाले होते. आता त्यातला एक शब्दही बदलता येणार नव्हता. रोहिणखेडच्या चावडीत रेडिओसमोरच्या खुर्चीवर बसलेल्या कोकिळेला हे पुरतं ठाऊक होतं. अमरावतीच्या कॉलेजात ती गणित शिकवी आणि महिन्यातून एकदा आकाशवाणीवर ग्रहताऱ्यांचं गणित सोपं करून सांगे. गावात बसून स्वतःला ऐकायची वेळ आज पहिलीच. मायनं, मनकर्णाबाईनं, घरोघर फिरून बाया गोळा केल्या होत्या.

"खुर्चीवरही हेच अन् पेटीतही हेच," झुंबरबाई म्हणाली. "जेवाले किती जनी येतीन वं मनकर्णा?"

"चूप बस. माही पोरगी बोलून राह्यली."

चांदण्या रोज चार मिनिटं लवकर मावळतात, महिन्याला दोन तास. इथवर ठीक होतं. पुढं काय येणार, ते कोकिळेनंच लिहिलं होतं.

"आमच्या भागातली एक अडाणी बाई," पेटीतला तिचाच शुद्ध, पुणेरी वळणाचा आवाज म्हणाला, "पौषात पहाटे तिकांडं, म्हणजे मृगाच्या तीन चांदण्या, बुडताना भाजीची पाटी घेऊन बाजाराला निघे. फाल्गुनातही तिनं तीच खूण धरली. मोताळ्याला पोचली, तेव्हा तिथं फक्त कुत्री जागी होती!"

चावडी खदखदून हसली.

"मनकर्णाबाई, हे तं तुमचीच गोठ!" रेडिओ सांभाळणारे उकंडराव ओरडले. "वांगे कुत्र्याईनं घेतले काय?"

"हाव, मीच ते," माय हसत म्हणाली. पदर मात्र तिनं तोंडावर ओढून घेतला.

खरी गोष्ट कोकिळेला ठाऊक होती. मायची खूण महिन्यागणिक बदलायची. फाल्गुनात विंचू, म्हणजे वृश्चिकाच्या चांदण्यांचा आकडा, दक्षिणेला पुरता वर आल्याशिवाय ती पाटीला हात लावत नसे. पण त्या साली ती तापानं पडली होती, आणि दहा वर्षांच्या शहाण्या कोकिळेनं पौषातलीच खूण बघून तिला हलवून उठवलं होतं: "माय, तिकांडं बुडालं." तिच्या शब्दावर माय ताप अंगात घेऊन निघाली. भाषणात 'मी'च्या जागी 'एक अडाणी बाई' लिहिताना कोकिळेचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता.

आता उठून सांगावं. पण भाषण संपलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी नारळ पुढं केला. तिनं तो घेतला, नमस्कार केला आणि खाली बसली.

घराच्या वाटेवर ती म्हणाली, "माय, त्या दिवशी तुले मीच उठवलं होतं."

"मले काय सांगतं? ध्यानात हाय माह्या." पाच पावलं चालून माय थांबली. "अडाणी म्हटलं, त्याचं काही नाही वं. हावच मी अडाणी. पन तिकांडं मले समजत नाही, असं काऊन सांगतलं सगळ्याईले?"

कोकिळा तिथूनच माघारी फिरली. चावडीतल्या सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. उकंडराव एकटेच रेडिओच्या पेटीला कुलूप लावत होते.

"काका, थांबा जरा. त्या बाईले चांदण्या बराबर समजत होत्या. चुकली थे मी."

उकंडरावांनी किल्ली कनवटीला खोचली. "आता कोन ऐकते बाई? सारे जेवाले गेले."