हासळीवरची खूण

बरोबर वाचलेलं हाड उबदार होई आणि चुकीचं वाचलेलं मातीत परत जाई. वैजयंती सोनटक्के तुर्कस्तानातल्या त्या समुद्रकाठच्या गावी पोचली, त्याच सकाळी नेविननं तिला हे सांगितलं. चहा कुठे मिळतो, नळाला पाणी कधी येतं, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात. नेविन उत्खननाची प्रमुख होती. गावाबाहेर रोमन काळातल्या ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली होती, आणि आखाड्यात लोकांसमोर लढून मेलेल्या त्या माणसांचे सांगाडे एका लांबट पत्र्याच्या शेडमध्ये टेबलांवर मांडले होते. आधीच्या एका अभ्यासकानं घाईघाईत त्यांच्यातल्या एकाला म्हातारा ठरवलं, तर त्याची अख्खी कंबर जमिनीत उतरली होती. ती अजून सापडली नव्हती.

वैजयंतीची हयात पुण्यात हाडं वाचण्यात, त्यांवरून मेलेला माणूस कसा जगला ते सांगण्यात गेली होती. सोबत तिचे गुरू देवस्थळी सर आले होते. सरांना आता डोळ्यांनी फारसं दिसत नसे, ते बोटांनी वाचत. हाडाला हात लावल्याशिवाय त्याच्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही, ही त्यांचीच शिकवण.

दाराजवळच्या टेबलावर एक उंच माणूस होता. वैजयंतीनं त्याचे दोन्ही दंड हातात घेऊन पाहिले. डाव्या दंडाचं हाड उजव्यापेक्षा जाड होतं, स्नायू चिकटतात तिथे खरखरीत कंगोरे उठले होते.

"हा डावखुरा होता," ती म्हणाली.

सांगाड्याच्या डाव्या हाताची बोटं हळूच मिटली. दंड ऊन लागल्यासारखा कोमट झाला. नेविननं मान हलवली आणि दिवा जवळ सरकवला.

मग दोघं कामाला लागले. सर बोटं फिरवत, वैजयंती पाहत असे, दोघं हलक्या आवाजात वाद घालत आणि पूर्ण खात्री झाल्यावरच ती मोठ्यानं सांगे. तो जव आणि घेवड्याच्या दाण्यांवर पोसलेला होता. त्याच्या कवटीवर जुने घाव होते आणि सगळे भरून आले होते. नडगी एकदा मोडली होती, पण इतकी सरळ सांधली होती की सरांनी तिच्यावरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. "असा हाड बसवणारा हात आज तरी किती जणांना असेल," ते म्हणाले. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर त्या माणसावर मांस चढत गेलं. खांदे भरले, छाती वर-खाली होऊ लागली. एका दुपारी तो उठून टेबलाच्या कडेला बसला आणि त्यानं नम्रपणे दोघांकडे पाहिलं. बोलता त्याला येत नव्हतं, कारण गळ्यापाशी अजून नुसतं हाडच होतं.

तसतशी शेड वाकत गेली. आधी लांबट होती, ती गोल झाली. फरशीवर वाळू आली. भिंतींना पायऱ्या फुटल्या आणि गावातले लोक दुकानं बंद करून त्यांवर येऊन बसू लागले. बेकरीवाला आला, शिंपी आला, मासे विकणाऱ्या दोघी बहिणी आल्या. ते सूर्यफुलाच्या बिया सोलून खात आणि वाट पाहत. दार कुठे गेलं हे कुणी विचारलं नाही.

आता फक्त गळ्याखालचं हासळीचं हाड उरलं होतं. त्यावर वरून खाली उतरलेला खोल घाव होता, थेट काळजाच्या दिशेनं. तो हरलेल्याला संपवण्याचा घाव होता, हे पहिल्या दिवसापासून तिघांनाही ठाऊक होतं.

वैजयंतीनं सरांना सांगितलं की हे आपण न वाचता सोडून देऊ. एवढा धिप्पाड, देखणा माणूस समोर बसला आहे, त्याला पुन्हा कशाला मारायचं?

"तो कसा जगला ते सांगितलंस," सर म्हणाले. "कसा मेला ते गाळलंस, तर त्याची सगळ्यात मोठी गोष्टच गाळलीस. ती त्याची आहे, बाई. आपली नाही."

त्या माणसानं तिचा हात उचलून स्वतःच्या हासळीवर ठेवला. हाड गार होतं. तिनं घावाच्या कडा चाचपल्या. त्या कुठेही फाटलेल्या नव्हत्या, तिरप्या गेलेल्या नव्हत्या. पातं सरळ, एका रेषेत उतरलं होतं. अशा माणसापुढे आपण उभ्या आहोत याचा तिला अभिमान वाटला.

"हा गुडघ्यावर बसला होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "घाव बसला तेव्हा हा तसूभरही हलला नाही."

पायऱ्यांवर बिया फुटण्याचा आवाज थांबला. तो माणूस टेबलावरून उतरला, वाळूत गुडघे टेकून बसला आणि त्यानं मान पुढे केली. गळा अजून भरला नव्हता.

"अजून काही आहे," नेविन म्हणाली.

वैजयंती वाकली. मोठ्या घावाशेजारी एक ओरखडा होता, नखाएवढा, जेमतेम हाडात शिरलेला. पातं आधी तिथे टेकलं होतं आणि मागे गेलं होतं. तिनं सरांचं बोट धरून त्यावर ठेवलं. सरांचा चेहरा बदलला.

"मारणाऱ्याचा हात एकदा थांबला होता," ती म्हणाली. "तो याला ओळखत होता. दोघं एकाच तालमीत जेवत होते."

पलीकडच्या टेबलावर अजून कुणी हात न लावलेला सांगाडा होता. त्याच्यावरची चादर सरकली. एक ठेंगणा, रुंद माणूस उठून वाळूवरून चालत आला. त्याच्या हातात आखूड तलवार होती. बसलेल्यानं त्याच्या मांडीला मिठी घातली. उभ्या माणसानं पात्याचं टोक त्या ओरखड्यावर टेकवलं आणि तो थांबला.

सर चाचपडत पहिल्या पायरीवर जाऊन बसले, नेविनही त्यांच्यामागोमाग गेली. शिंप्यानं सरकून त्यांना जागा दिली.

वाळूत आता तिघंच उरले होते. थांबलेला हात पुन्हा खाली आला, एवढंच वाचायचं राहिलं होतं. दोघांनीही मान वळवली आणि वैजयंतीच्या तोंडाकडे पाहिलं.