चढ संपल्यावर बंद पडणारी गाडी

गाडी फाटकातून आत आली तेव्हा ती एका टेम्पोखाली आडवी पडून सेल्फची वायर घट्ट करत होती. तिला फक्त चाकं दिसली. पण गाडी ओळखायला इंजिनाचा आवाज पुरेसा होता. शिलाई मशीनसारखा, एका लयीतला, मधूनच किंचित अडखळणारा आवाज. याच गाडीतून ती लग्न होऊन सासरी गेली होती.

ती बाहेर आली, हात पुसले. गाडीतून सासरे उतरत होते.

नवऱ्याला ‘पूर्वीचा नवरा’ म्हणता येतं. सासऱ्यांना काय म्हणायचं, हे घटस्फोटाच्या वेळी कुणी सांगत नाही. तिनं नुसतंच म्हटलं, “या.”

“तुझ्याकडे वेळ आहे का गं, सू…” म्हाताऱ्यानं जीभ चावली. ‘सूनबाई’ हा शब्द सवयीनं अर्धा बाहेर पडलाच होता. “म्हणजे, काम चालू असेल तर मी थांबतो.”

“बसा. काय झालंय गाडीला?”

“तेच तर कुणाला कळत नाही.”

वायरिंगचं काम करणारी बाई म्हणून आजूबाजूचे ड्रायव्हर तिला करंटताई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा सासूबाई भडकल्या होत्या. “माझ्या सुनेला करंटी म्हणतात मेले!” करंट म्हणजे वीज, करंटी नव्हे, हे त्यांना पटवता पटवता घरातल्या सगळ्यांची हसून पुरेवाट झाली होती. ते दिवस चांगले होते. पुढे नवरा-बायकोचं जमेनासं झालं. चूक कुणाची हे शोधायचाही दोघांना कंटाळा आला, आणि एक दिवस ती बॅग घेऊन निघाली. सासूबाई दारात उभ्या राहून रडल्या. सासरे मात्र आतल्या टेबलाशी, डोळ्याला भिंग लावून एक घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. नवऱ्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ती न उचललेली मान तिला जास्त लागली होती. त्यानंतर त्यांची गाठ पडली ती आज.

सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले. आता हात कापायचे. स्टिअरिंगवर ठीक असायचे, पण चिमटा धरला की बोटं थरथरायला लागायची. म्हणून दुकान बंद केलं होतं. नजर मात्र अजून तेज होती.

“चालता चालता बंद पडते,” ते म्हणाले. “सेल्फ मारला की लगेच चालू. जणू काही झालंच नाही. कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले, प्लग तर विचारूच नकोस. प्रत्येक गॅरेजवाला म्हणतो, आता बघाच काका. बघतो, तर पुन्हा तेच.”

“आणि लाइट?”

“सेल्फ मारताना पार मरतात.”

तिनं बॉनेट उघडलं. आतलं सगळं स्वच्छ पुसलेलं होतं, घड्याळवाल्याची गाडी! “सेल्फ मारा,” ती म्हणाली. इंजिन कण्हत कण्हत फिरलं. तिनं चोकच्या केबलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. केबल चांगलीच तापली होती.

“बंद करा, बंद करा! अहो, याचा गिअरबॉक्स उतरवला होता का कुणी?”

“हो, मागच्या वर्षी. तुला कसं कळलं?”

“इंजिनापासून बॉडीला अर्थिंगची जाड पट्टी असते. ती परत बसवायलाच विसरलेत. करंटला बॅटरीकडे परत जायला वाट नाही, म्हणून तो बिचारा चोकच्या केबलमधून जातोय. एक दिवस पेटली असती.”

सासऱ्यांनी खाली वाकून पाहिलं. जिथं पट्टी असायला हवी तिथं नुसताच एक रिकामा बोल्ट होता. “एवढा वेळ मी जे आहे तेच बघत बसलो,” ते हळूच म्हणाले. “जे नाही ते कसं दिसणार?”

तिनं गंज घासून नवी पट्टी आवळली. सेल्फ मारताच इंजिन खडबडून जागं झालं. लाइट लख्ख. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, पण तिच्या नाही.

“यानं सेल्फचं दुखणं गेलं. चालता चालता बंद पडण्याशी याचा संबंध असेलच असं नाही. कुठे बंद पडते नेमकी?”

“आपल्या… आमच्या घराजवळच्या चढावर.”

“चढावर?”

ते विचारात पडले. घड्याळाच्या टिकटिकीतला फरक ऐकणारा माणूस, उगाच काहीतरी सांगणार नाही हे तिला ठाऊक होतं. “नाही. चढावर नाही. चढ चढते ती मस्त. वर पोचलो, जरा पाय हलका केला, की गचके देऊन बंद.”

“हे कुणाला सांगितलं होतं?”

“कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी इथेच चालू ठेवून बघितली. इथं ती दिवसभर चालते.”

वर्कशॉपमध्ये न होणारं दुखणं वर्कशॉपमध्ये सापडत नाही. तिनं हत्यारांची पिशवी घेतली आणि शेजारच्या सीटवर बसली. घर सोडल्यापासून ती त्या रस्त्याला फिरकली नव्हती. गिऱ्हाइकाची गाडी सोडायची असली तरी लांबून वळसा घालून जायची.

चढ सुरू झाला. सासऱ्यांनी पाय दाबला. गाडी तक्रार न करता चढू लागली. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, गंजलेल्या जाळीमागचं खेळाचं मैदान, सगळं जागच्या जागी. माथ्याशी पोचताच सासऱ्यांनी पाय हलका केला आणि गाडीनं एक गचका दिला, मग दुसरा, आणि चिडीचूप. मागून ट्रक येत होता आणि गाडी मागे घरंगळायला लागली.

“बाबा, हँडब्रेक! हँडब्रेक ओढा!”

ब्रेक लागला. ट्रक हॉर्न मारत बाजूनं गेला. तिच्या तोंडून ‘बाबा’ निघून गेलं होतं आणि ते परत घेण्यात काही अर्थ नव्हता.

“उतरते मी,” ती म्हणाली. “तुम्ही चालू करा.”

गाडी लगेच चालू झाली. ती बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत उभी राहिली. चढताना काही होत नाही, पाय हलका केला की होतं. मग पाय हलका केल्यावर इंजिनात बदलतं काय? ओढ बदलते. कार्बोरेटरकडून एक बारीक नळी, प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरला जाते. पाय हलका झाला की त्या नळीतून हवा खेचली जाते आणि डिस्ट्रिब्यूटरच्या आतली पॉइंटची प्लेट जराशी सरकते. तिनं कार्बोरेटरकडचं टोक उपटलं, तोंडात धरलं आणि ओढ घेतली.

इंजिन बंद.

“काय पितेस काय!” सासरे खिडकीतून ओरडले.

“पुन्हा चालू करा!”

इंजिन चालू झालं. तिनं पुन्हा नळी ओढली. पुन्हा बंद. रस्त्यानं जाणारा एक गृहस्थ थबकला, गाडीला तोंड लावलेल्या बाईकडे पाहून त्यानं पावलं उचलली. तिला हसू आवरेना. सासरेही खाली उतरून हसायला लागले. नीट कारण माहीत नसतानाच.

तिनं डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत प्लेटला जाणारी बोटभर लांबीची वायर होती. वरून धडधाकट. सासऱ्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं, बराच वेळ निरखलं. “वायर तर अख्खी दिसते गं.”

“दिसते,” ती म्हणाली. वायर दोन्ही टोकांना चिमटीत धरून तिनं अलगद ताणली. वायर रबरासारखी लांब झाली. तांबं असं ताणत नाही. “आतली तार कधीच तुटलीय, बाबा. वरचं आवरण तेवढं धरून आहे. प्लेट जागेवर असली की तुटकी टोकं एकमेकांना टेकतात आणि गाडी चालते. प्लेट सरकली की सुटतात.”

“म्हणजे अख्खी नव्हतीच.”

“नव्हती.”

तिनं दूर पाहिलं. खाली, उताराच्या पायथ्याला, घर दिसत होतं. गच्चीवर चादरी वाळत होत्या.

“नवी वायर सोल्डर करावी लागेल,” ती म्हणाली. “सोल्डरिंगची सळई हवी.”

“माझ्याकडे आहे. घरी. बारीक टोकाची.”

ही जुनी वायर तशीच जोडून, नळीच्या टोकात एक स्क्रू खोचून ठेवला, तर प्लेट सरकणार नव्हती आणि गाडी खुशाल वर्कशॉपपर्यंत जाणार होती. तिला हे पक्कं ठाऊक होतं. तिनं तसंच केलंही. पण सासऱ्यांनी गाडी उताराकडे वळवली तेव्हा ती काही बोलली नाही. थोडं पुढे गेल्यावर मात्र तिनं विचारलं, “ठरवून आणलंत का मला इथं?”

“गाडीनं आणलं,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “थोडं मीही.”

सासूबाईंनी दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं, आणि रडायचं की ओरडायचं हे न ठरल्यामुळे म्हणाल्या, “चपला काढू नकोस, फरशी ओली आहे.” मग तिचे काळे हात स्वतःच्या पदरात घेऊन पुसायला लागल्या.

“आई, पदर खराब होईल.”

“होऊ दे.”

घड्याळांचं टेबल तसंच खिडकीशी होतं, फक्त त्यावर आता वर्तमानपत्रांची चळत होती. सासऱ्यांनी ती उचलून जागा केली. तिनं आपल्या करंट मोजायच्या मीटरची एक वायर कापली. ती सर्वांत लवचीक, शेकडो बारीक तारांची, कितीही वाकवली तरी न तुटणारी. सासरे डोळ्याला भिंग लावून शेजारी वाकले. “थोडं डावीकडे… हं… आता टेकव. पुरे, पुरे, जास्त होईल.” तिच्या हातात सळई होती आणि त्यांच्या डोळ्यांत नेम. दोन्ही टोकं चमकत्या थेंबांसारखी बसली.

सासूबाई चहा घेऊन आल्या, कप ठेवला, पण गेल्या नाहीत. “सांगितलंत का तिला?”

“सांगतो.”

“कधी? ती गेल्यावर? तुमचं नेहमीचंच आहे.”

सासऱ्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. या खेपेला त्यांनी मान वर केली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. “त्याचं लग्न ठरलंय. पुढच्या महिन्यात. तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं आम्हा दोघांना वाटत होतं.” त्यांनी भिंग जरा बाजूला सारलं. “आणि नवरीला याच गाडीतून आणायचं म्हणतोय तो. मी म्हटलं, आधी हिला विचारतो. तू नको म्हणालीस तर भाड्याची गाडी करू.”

वायर अजून गरम होती. तिनं ती फुंकर घालून गार केली. काय वाटतंय हे तिला लगेच कळलं नाही. राग यायला हवा होता, पण शोधूनही सापडला नाही. सापडलं ते दुसरंच. आपण या घरातून निघालो तरी काहीतरी इथंच ठेवून गेलो होतो, आणि आता ते उचलून न्यायची वेळ आली आहे, असं काहीसं.

“कशी आहे ती?” तिनं विचारलं.

“शांत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्यासारखी नाही.”

“मग बरंय,” ती म्हणाली, आणि तिघंही हसले, सासूबाई डोळे पुसत.

खाली जाऊन तिनं वायर बसवली. एकदा बसवून पुन्हा काढली, कारण ती प्लेटला घासेल अशी शंका आली. वेढा जरा मोठा केला. क्षणभर तिच्या मनात आलं, की आधीचा वेढा तसाच ठेवला असता तर कधीतरी, फुलांच्या हारांसकट, नव्या साडीसकट गाडी भर माथ्यावर उभी राहिली असती. विचार येऊन गेला, तसा तिला स्वतःचाच थोडा धाक वाटला. मग तिनं वायरचा स्क्रू आणखी एक आटा आवळला, नळीत खोचलेला स्क्रू काढून नळी जागेवर लावली.

“आई, बसा मागे. बाबा, तुम्ही इकडे. मी चालवते.”

चढ आला, संपला. माथ्यावर तिनं मुद्दाम पाय हलका केला. गाडी एका लयीत पुढे गेली. कुणी टाळी वाजवली नाही; सासूबाई तर शेजारणीच्या गुडघ्याबद्दल सांगत होत्या, त्यांच्या लक्षातही आलं नाही. सासरे फक्त कान देऊन ऐकत बसले होते.

“गाडी वापरा,” ती म्हणाली. “माझी काही हरकत नाही. मी लग्नाला येणार नाही, पण.”

“नको येऊस,” ते म्हणाले. “घरी येत जा.”

लग्नाच्या दिवशी ती एका बसचा डायनॅमो खोलून बसली होती. दुपार कलताना सासूबाईंचा फोन आला. गाडी कुठंच बंद पडली नव्हती. पण घराशी वळताना हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेचना! सगळी गल्ली बाहेर आली, नवरदेव लाजेनं लाल झाला, बाबांनी शेवटी बॅटरीचीच वायर उपटली. “आणि ती शांत म्हणत होते ना मी,” सासूबाई सांगत होत्या, “ती इतकी हसली, इतकी हसली, की तिचा हारच तुटला.”

“स्टिअरिंगच्या आतली वायर सोलली असणार,” ती म्हणाली. तिला हसू येत होतं. “बाबांना म्हणावं, घाई नाही. सवडीनं घेऊन या.”

फोन ठेवून ती थोडा वेळ फाटकाशी उभी राहिली. मग बसचा ड्रायव्हर आतून म्हणाला, “करंटताई, होईल ना आज?” आणि ती पुन्हा कामाला लागली.