भंडाऱ्याचं वांगं

पलटणीतून पेन्शनीत आल्यावर सुभेदार लालासाहेबांनी दोनच गोष्टी मनापासून धरल्या. एक घरामागची बाग आणि दुसरं कीर्तन.

बागेला त्यांनी पलटणीची शिस्त लावली होती. पुढं झेंडू आणि शेवंती, मधे मेथी-मुळ्याचे वाफे, घेवड्याचा मांडव आणि पार मागं, शेजारच्या रंगुबाईंच्या कुंपणापर्यंत, वांग्यांच्या सऱ्या. सगळं दोरी धरून लावलेलं. घेवड्याचा एखादा वेल रांग सोडून शेवंतीकडं झुकला, की सुभेदार त्याला "पीछे मुड" म्हणत आणि खरोखरच मागं वळवून बांधत.

कीर्तनाला बसला की मात्र हा कडक माणूस तुपासारखा पातळ व्हायचा. बुवांनी झांज उचलली की यांचे डोळे भरलेच. आख्यानातला भक्त संकटात सापडला, तर पहिल्या रांगेतून "आरं देवा, कुठं हाईस?" असा आवाज यायचा. तो कुणाचा, ते मागं वळून बघायची गावाला गरज पडत नसे.

त्रिपुरी पौर्णिमेला गावातल्या खंडोबाच्या देवळात वाईचे जोतीरामबुवा कीर्तनाला उभे होते. पेटीवाला रंगात आला होता, आणि बुवा म्हणाले, "मंडळी, आपण देवाला काय देतो? उरलेलं! काळं पडलेलं केळं, कुणी न घेतलेला नारळ. अहो, एकदा तरी आपण चाखायच्या आधीचं द्या!"

सुभेदार ताडकन उठून उभे राहिले. "बुवा, यंदा चंपाषष्ठीच्या नैवेद्याचं भरीत माझ्या बागेतल्या वांग्यांचं. तवर झाडावरचं एक वांगं तुटणार न्हाई. शब्द!"

देऊळ टाळ्यांनी भरून गेलं. बुवांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सुभेदारांच्या गळ्यात घातला. त्या हारासकट सुभेदार जेवायला बसले.

खंडोबा घरचं कुलदैवत. त्यामुळं आषाढीपासून चंपाषष्ठीपर्यंत घरात वांगं खायचं नाही, हा नेम जुनाच होता. पण तोडायचंही नाही, ही भर सुभेदारांची स्वतःची.

"आवं, वांगं का शोभंला झाडावर ठिवायचं असतं?" अंजनाबाई म्हणाल्या. त्यांचं माहेर सांगलीकडचं, उसा-भाजीपाल्यातलं. "जून हुतंय त्ये. मी शेतकऱ्याची लेक हाय."

"आन मी कोण हाय?"

"तुमी समदी वर्सं बर्फात काढली."

"शब्द दिलाय, अंजना. देवापुढं दिलाय."

वर हुकूम वाढला. शेवंतीसुद्धा तोडायची नाही, तिचा बुवांना हार होणार. गुरुवारी अंजनाबाईंनी देवपूजेसाठी चार फुलं मागितली, तीही मिळाली नाहीत. परसात शेवंती ओझ्यानं वाकलेली आणि ही बाई पिशवी घेऊन फुलं आणायला बाजारात!

थंडी वाढली. सकाळी मेथीवर दहिवर साचायचं, घेवड्यावर मावा पडायचा. सुभेदार कानटोपी चढवून पानांवर राख भुरभुरवत हिंडायचे. मग सगळ्यात मोठ्या वांग्याशेजारी काडेपेटी धरायची, फोटो काढायचा आणि माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकायचा. काडेपेटी रोज तीच, वांगं रोज वाढलेलं.

एका सकाळी त्या वांग्याच्या जांभळ्या अंगावर पिवळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी डाग पसरला. आणखी दोन-चार उन्हं खाऊन ते वांगं देठापासून बुडापर्यंत हळदीसारखं पिवळंजर्द झालं.

"अंजना! भाईर ये, पळत ये! देवानं भंडारा उधळला!"

अंजनाबाई पदराला हात पुसत आल्या. त्यांनी वांगं बघितलं. बोलायला तोंड उघडलं. मग नवऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी बघितलं आणि उघडलेलं तोंड मिटलं.

"व्हय की," त्या म्हणाल्या.

देवळातल्या कोंडीबा गुरवाला बोलावणं गेलं. कोंडीबानं वांग्याकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं, मग चहाबरोबर आलेल्या बेसनाच्या लाडवाकडं बघितलं. "देवाची लीला," तो म्हणाला, आणि वांग्याला भंडारा लावला. आता कुठला पिवळा देवाचा आणि कुठला गुरवाचा हेही कळेना.

मग काय! झाडाला झेंडूची माळ चढली, बुडाशी उदबत्ती लागली, गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. ग्रुपवर येळकोटाचा पाऊस पडला. एकएक करत मधल्या सऱ्यांमधली सगळीच वांगी पिवळी झाली. सीमेवर असलेल्या मुलाचा, विश्वजीतचा, फोन आला. "पप्पा, फोटो बघितला. रोग तर पडला न्हाई?"

"तुला लहानपणी कीर्तनाला नेलं न्हाई, तितं माझं चुकलं," म्हणून सुभेदारांनी फोन ठेवला.

फक्त कुंपणाकडची सरी तेवढी तशीच राहिली. तिथं एकही वांगं मोठं होईना, पिवळं होईना. "ह्या सरीवर कृपा न्हाई," सुभेदार म्हणाले आणि तिकडं बघायचंच त्यांनी सोडून दिलं.

मार्गशीर्ष लागला, खंडोबाचा उत्सव बसला. जोतीरामबुवा पुन्हा आले. उतरायची सोय रंगुबाईंकडं होती. बुवांचं कीर्तन ह्या खेपेला असं काही रंगलं की विचारू नका. फक्त मधेच आख्यान सोडून ते म्हणायचे, "या गावच्या मातीला काय गोडी आहे हो!" आणि सुभेदार मान डोलावायचे.

चंपाषष्ठीच्या पहाटे अंघोळ करून सुभेदार बागेत गेले. थोरल्या वांग्याला आधी सॅल्यूट ठोकला, मग ते देठासकट कापलं. अंजनाबाईंनी चूल पेटवून निखारे पाडले होते. वांगं निखाऱ्यावर गेलं.

भाजायचं नाव नाही! वरची साल बुटाच्या चामड्यासारखी कडक झाली. सोलून ताटात कुस्करायला घेतलं, तर बोटांखाली नुसतं चरचर वाजायला लागलं. गर नावाला, बाकी सगळ्या बियाच बिया.

"ही खसखस कुठनं आली?" सुभेदार म्हणाले.

दुसरं भाजलं. तेच. तिसरं चिरून बघितलं. तेच. सुभेदार पालथ्या घमेल्यावर मटकन बसले. कानटोपी काढून हातात घेतली.

"अंजना, शब्द दिला हुता गं. आता देवापुढं काय घिऊन जाऊ? कुटल्या तोंडानं बसू पहिल्या रांगंत?"

अंजनाबाईंनी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि थेट कुंपणाकडच्या सरीत नेलं. खाली वाकून पानं वर केली. पानांआड कोवळी, तुकतुकीत, काटेरी देठांची वांगी लोंबत होती. झाडागणिक, फांदीगणिक.

"ह्या सरीवर तर कृपा नव्हती," सुभेदार पुटपुटले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून एक हात टोपली घेऊन आत आला आणि पाठोपाठ रंगुबाईंचं डोकं आलं. "अंजने, आज उशीर झाला बग..." समोर सुभेदार दिसले, तशी टोपली परत फिरली.

"थांब, रंगे," अंजनाबाई म्हणाल्या. "आवं, मीच सांगितलं तिला तोडायला. पुनवेपासनं तोडतीया. तिचं सासरघर मूळचं औंधाचं, त्यांची देवी यमाई. तिला कुटं नेम हाय? तोडत ऱ्हायली म्हणूनच झाड धरत ऱ्हायलं."

"म्हंजे देवाच्या आदी वांगं दुसऱ्यानं खाल्लं?" सुभेदारांचा आवाज चढला. "माझ्या शब्दाचं वाटुळं केलंत दोघींनी!"

"आपण खायचं न्हाई ह्यो आपला नेम," अंजनाबाई म्हणाल्या. "दुसऱ्याला द्यायचं न्हाई असा नेम कुटल्या देवानं केलाय?"

"आन मी एकली किती खाणार वो?" रंगुबाई कुंपणाआडून बोलल्या. "उत्सव बसल्यापासनं समदं बुवांच्याच ताटात गेलंय."

त्यांच्यामागं, त्यांच्याच ओसरीवर जोतीरामबुवा दातांना राखुंडी लावत उभे होते. त्यांचं बोट दातांवरच थांबलं.

"म्हणजे... ते भरीत?"

"व्हय," सुभेदार म्हणाले.

बुवांचा चेहरा उतरला. "काल मी दोनदा मागून घेतलं," ते हळूच म्हणाले. मग चूळ भरून कुंपणापाशी आले. "सुभेदार, तोडा ती वांगी. भाजा. देवाला मी सांगतो. चोर मी, जबानीही माझीच."

आणि काल्याच्या कीर्तनात, पागोटं बांधून, झांज हातात घेऊन, भर देवळात बुवांनी जबानी दिली. "मंडळी, आधीचं देवाला द्या, असं मीच सांगितलं, आणि आधीचं मीच खाल्लं! वर मातीची गोडी तुम्हांला सांगितली!" पेटीवाल्याला हसू आवरेना, सूर दोनदा घसरला. "पण या अंजनामाउलीनं हात आखडला असता, तर आज देवाच्या ताटात काय असतं? बिया!"

पहिल्या रांगेतून सगळ्यांच्या ओळखीचा आवाज आला, "आरं देवा!" देऊळ खदखदून हसलं, आणि सुभेदारही हसले, डोळे पुसत.

कोवळ्या वांग्यांच्या भरिताचा नैवेद्य दाखवून झाल्यावर कोंडीबा गुरव हळूच जवळ सरकला. "सुभेदार, ती पिवळी टाकू नगा बरं का. बियाणं झालंय झकास. घरटी चिमूट चिमूट वाटू प्रसाद म्हणून. म्होरल्या साली गावभर हुतील भंडाऱ्याची वांगी."

"तुला बघितल्या बघितल्या कळलं हुतं काय रं, कोंडीबा?"

"कळलं की. पर लाडू हातात हुता."

घरी आल्यावर सुभेदार चपला न काढताच बागेत गेले. बुवांच्या हारापुरती शेवंती काढूनही झाडं वाकलेलीच होती. त्यांनी त्यातलं टपोरं फूल बघून खुडलं आणि अंजनाबाईंपुढं धरलं. फूल कसं द्यायचं याची सवय नव्हती, त्यामुळं पलटणीत कागद देतात तसं दिलं.

"बाजारातलं स्वस्त पडतं," अंजनाबाई म्हणाल्या आणि फूल अंबाड्यात खोवलं.

सुभेदार मग कुंपणापाशी गेले आणि जोरानं ओरडले, "रंगुबाई! मुळा आलाय, मेथी आलीया, घ्या की तोडून! रांगंनं तोडा म्हंजे झालं!"