निळ्या घोड्याची बासरी

लहानूभाऊ वासनिकांनी हिंगण्याच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर छत्तीस वर्षं काढली. मार्तंडराव पाठकांनी तेवढीच वर्षं सरकारी कचेरीत फायलींपुढे काढली. आता सांगा, विलायती गाण्यांतलं कंबर हलवायला लावणारं फंक या दोघांत कोणाचं, आणि वीस-वीस मिनिटं डोळे मिटून ऐकायचं आर्ट रॉक कोणाचं? चुकलात! फंक मार्तंडरावांचं. ज्या खोलीत दिवसभर पंख्याशिवाय काही हलत नसे, तिथून सुटलेल्या माणसाला बेस आणि ड्रम लागत. लहानूभाऊ म्हणत, "धाडधाड तं मी दिवसभर ऐकूनच राहतो गा. घरी येऊन पुन्हा तेच काहून ऐकू?"

ऐन तारुण्यात सदर बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात विलायती रेकॉर्डांच्या एकाच खोक्यावर दोघांचे हात पडले होते. कडाक्याचं भांडण झालं, खोकं अर्धं-अर्धं झालं आणि दोस्ती पक्की झाली. सगळा माल सत्तरच्या दशकातला. नावं लांबलचक, म्हणून रेकॉर्डी कव्हरावरूनच ओळखायच्या. मार्तंडरावांची लाडकी ‘पिवळी पॅन्ट’, लहानूभाऊंचा लाडका ‘निळा घोडा’. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं दर रविवारी सकाळी सक्करदऱ्याला मार्तंडरावांच्या घरी दोन्हींची लढत. निकाल आजवर लागला नाही, आणि लागावा अशी कोणाची इच्छाही नव्हती.

लढतीचा नियम एकच. आपल्या रेकॉर्डमधली सगळ्यात भारी जागा आली की आपण हात वर करायचा, अगदी त्या क्षणाला. आधी नाही, मागून नाही. ज्याचा हात चुकला त्याचा कान कच्चा, आणि कच्च्या कानाच्या माणसानं त्या दिवशी वाद घालायचा नाही, मुकाट कोथिंबिरीची सांबारवडी खायची. ‘निळ्या घोड्या’त अकराव्या मिनिटाला सगळी वाद्यं थांबतात, क्षणभर शांतता पसरते आणि वरच्या पट्टीतली एक बारीक बासरी एकटीच सुरू होते. लहानूभाऊंचा हात तिथं जायचा.

"सर्दी झालेली चिमणी आली बघ तुझी," मार्तंडराव दर वेळी चिडवायचे.

पण गेली दोन वर्षं ती चिमणी लहानूभाऊंना ऐकूच येत नव्हती. प्रेसनं कान खाल्ले होते. जाड आवाज यायचे, बारीक यायचे नाहीत. त्यांच्या बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं तेव्हा "लक्ष नव्हतं वं माझं" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. रविवारी मात्र ते रेकॉर्डच्या सुईवर डोळा ठेवत. सुई एका जुन्या चऱ्यापाशी पोचली की हात वर! सांगायची हिंमत होत नव्हती. बासरी ऐकू न येणाऱ्याच्या शब्दाला तिथं काय मान राहणार? आणि आठवड्यात त्यांचा शब्द चालायचा तो तेवढा एक तासच.

डिसेंबरातल्या एका रविवारी ते प्रेमिलाबाईंसह पोचले, तर रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला गेलेला.

"काही बिघडत नाही बे," मार्तंडराव म्हणाले. "पोरानं माझ्या मोबाइलमध्ये सगळं टाकून दिलं. ‘निळा घोडा’सुद्धा."

लहानूभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मोबाइलला कुठली आली सुई? मार्तंडरावांनी टेबलावरचा छोटा स्पीकर सुरू केला, गाणं लावलं आणि मोबाइल खिशात टाकला. लहानूभाऊंनी डोळे मिटले. एकच उपाय होता. जाड आवाजाचा बेस तेवढा ऐकू येई, तो थांबला की मनात आठपर्यंत मोजायचं आणि हात वर करायचा.

इकडे गाणं बरंच पुढं गेलं होतं, तेवढ्यात मार्तंडरावांच्या खिशातला मोबाइल थरथरला. पोराचा फोन. गाणं आपोआप बंद पडलं. ते उठून हळूच गॅलरीत गेले. खोलीत चिडीचूप. प्रेमिलाबाई नवऱ्याकडं बघत होत्या आणि नवरा डोळे मिटून, ओठ हलवत बसलेला. सात, आठ. लहानूभाऊंचा हात ऐटीत वर गेला.

"आली!" ते म्हणाले. "काय वाजवली आहे गा बासरी! आहे का असं तुझ्या पिवळ्या पॅन्टीत?"

प्रेमिलाबाईंना आधी हसू फुटलं आणि मग ते तिथंच थिजलं. "अहो," त्या जवळ येऊन म्हणाल्या, "बंद आहे ते. केव्हाचं बंद आहे."

लहानूभाऊंनी डोळे उघडले. गॅलरीच्या दारात मार्तंडराव उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. लाजेनं लहानूभाऊंचे कान तापले. हात अजून वरच होता, तो त्यांनी खाली घेतला.

"मले ऐकू येत नाही ती बासरी, मार्तंड," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. सुई पाहून हात करून राहिलो होतो. आता काय बोलू तुझ्याशी? तूच जिंकला." आणि ते चपला शोधायला उठले.

"बस खाली!" मार्तंडराव ओरडले. "मोठा आला उठून जाणारा!"

ते खुर्ची ओढून लहानूभाऊंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. घसा खाकरला. आणि आपल्या जाड, खर्जातल्या आवाजात त्यांनी ‘निळ्या घोड्या’ची बासरी गुणगुणायला सुरुवात केली. थांबे, मुरक्या, श्वास घ्यायच्या जागा, सगळं पाठ. या माणसानं पंचेचाळीस वर्षं त्या बासरीची टिंगल केली होती!

लहानूभाऊंना ती ऐकू येत होती. दोन वर्षांनी ऐकू येत होती. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मान डोलू लागली. आणि अचानक त्यांचा हात ताडकन वर गेला.

"थांब! चुकला तू. तिसऱ्या खेपेले ती खाली नाही उतरत. वरच राहते."

"खालीच उतरते बे."

"वर राहते म्हणतो ना!"

प्रेमिलाबाईंनी मार्तंडरावांच्या हातातला मोबाइल काढून घेतला, गाणं लावलं आणि स्पीकरला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं. दोघं म्हातारे त्यांच्या तोंडाकडं बघत बसले.

"वरच राहते, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मार्तंडरावांनी सांबारवडीची बशी मुकाट आपल्याकडं ओढली.

"उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ," एक वडी संपवून ते म्हणाले.

"जाऊ ना," लहानूभाऊ ऐसपैस बसत म्हणाले. "आधी ते पुन्हा म्हण. पहिल्यापासून. आणि या खेपेले नीट म्हण."