चालू राहिलेला माईक

गल्लीत सगळे त्याला कर्णा म्हणत आणि त्याच्या बायकोला वहिनी. प्रचाराच्या गाडीत बसून तो बोलू लागला की अंथरुणाला खिळलेला माणूससुद्धा मत द्यायला उठेल, अशी त्याची ख्याती. गावात घराणी दोनच, थोरले आणि धाकटे. सख्खे चुलतभाऊ, पण एकमेकांचं तोंड पाहत नसत. कर्णा सकाळी थोरल्यांच्या गाडीवर असे आणि दुपारनंतर धाकट्यांच्या. कोणी टोकलं तर म्हणे, "गळा भाड्यानं दिलाय. मन घरी ठेवून येतो." काय दिवस होते ते! वहिनी शिलाई मशीनवर बसून दोन्ही प्रचार ऐके आणि दोन्हींना हसे.

एकच खोड होती त्याला. माईक बंद करायला तो हमखास विसरे. "प्रचंड बहुमतानं विजयी करा" याच्या पाठोपाठ "अरे, घरचा साबण संपलाय, आठवण कर मला" हेही साऱ्या गल्लीला ऐकू जाई. मग नळावर बायका वहिनीची फिरकी घेत, "आला का गं साबण?" ती लाजून चूर होई, पण मनातून तिला ते फार आवडे.

त्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, ती आजारी आईपाशी माहेरी गेली होती. 'थोरल्यांनी माघार घेतली' असं खोटंच ओरडायला धाकट्यांनी सांगितलं आणि कर्ण्यानं पहिल्यांदाच कोणाला तरी नाही म्हटलं. भर दुपारी, भर गल्लीत त्याला गाडीतून ओढून काढलं. डोक्यात लोखंडी गज बसला. घरांची, दुकानांची दारं धडाधड लागली होती, त्यामुळे पाहिलं कोणीच नाही. वहिनी पोचली तेव्हा रस्ता धुऊन झाला होता. मारणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, जबाबात मात्र एकाच्याही नाही.

समोरची इस्त्रीवाली तेवढी तिच्या गळ्यात पडून रडली होती. "शेवटपर्यंत तुमचंच बोलत होते दादा. ड्रायव्हरला म्हणाले, मतदान उरकलं की हिला निळी छत्री घ्यायचीय." तेवढ्या एका वाक्यावर वहिनीनं पुढची वर्षं काढली. छत्री तिनं स्वतः कधीच घेतली नाही.

खटला उभा राहीपर्यंत थोरले आणि धाकटे एक झाले होते. चौकातल्या फलकावर दोघे हात जोडून शेजारी शेजारी हसत होते. कर्णा कोणाचाच उरला नव्हता. ड्रायव्हरनं साक्ष दिली, माईक बिघडला होता. किराणावाल्याला त्या दिवशी नेमका कानदुखीचा त्रास होता. उरली एकटी इस्त्रीवाली. तिचा मुलगा धाकट्यांच्या कारखान्यात कामाला होता. ती फिरली की सगळं संपणार, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं.

इस्त्रीवाली पिंजऱ्यात उभी राहिली. मान वर न करता म्हणाली, "मी आतून कडी लावून बसले होते. माईक बंद होता. काही ऐकू आलं नाही."

मागच्या बाकावरून वहिनी ताडकन उठली. "मग निळ्या छत्रीचं तुला कुठून कळलं गं?"

न्यायाधीशांनी तिला दटावून खाली बसवलं. पण सरकारी वकिलांनी तोच प्रश्न रीतसर विचारला. इस्त्रीवालीनं पदर तोंडाला लावला. आरोपीच्या पिंजऱ्यातून धाकटे मालक रोखून बघत होते. मग तिला रडू फुटलं.

"चालू होता. त्यांनी कधी बंद केलाय तो? छत्रीचं बोलले आणि लगेच म्हणाले, 'धाकटे मालक, गज खाली ठेवा.' दोनदा म्हणाले. सगळ्या गल्लीनं ऐकलं, साहेब."

न्यायाधीश लिहून घेऊ लागले. धाकट्या मालकांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

बाहेर पायऱ्यांवर दोघी टेकल्या. "पोराची नोकरी गेली म्हणायची," इस्त्रीवाली म्हणाली.

वहिनीनं तिचा हात हातात घेतला. तिला खूप काही बोलायचं होतं, पण तोंडून निघालं भलतंच. "छत्रीचं आणखी काही म्हणाले होते का गं?"

"म्हणाले, बटण दाबलं की उघडणारी हवी. साध्या छत्रीत हिचं बोट चिमटतं."

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत हे मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू?" इस्त्रीवाली म्हणाली. "त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं."