ईटच्या माळावरचा चंडोल

धाराशिवच्या एका कॉलेजात शिवरंजनी मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या, आणि तिथलं पक्ष्यांचं छोटं संग्रहालयही त्याच सांभाळायच्या. निजामाच्या काळात कुणा हौशी अधिकाऱ्यानं मारून, कापूस भरून ठेवलेले ते पक्षी. डांबरगोळ्या टाकण्यात आणि कीड झटकण्यात मॅडमची उमेदीची वर्षं गेली, पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी विचारलं नाही.

मग कळंबची निकिता त्यांच्या विभागात नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत तिनं जाहीर केलं, की संग्रहालयातल्या, ईटच्या माळावर मारलेल्या दोन चंडोलांपैकी एक हा मूळ नमुना आहे. म्हणजे ज्या एका पक्ष्यावरून शास्त्रज्ञानं त्या जातीचं पहिलं वर्णन लिहिलं, तोच हा. तो कधीच हरवला, असं सगळे धरून चालले होते.

प्राचार्यांनी तिचा सत्कार केला. प्रयोगशाळेतले बलभीममामा चहा ठेवता ठेवता म्हणाले, "पोरीचं लई नाव झालं म्हणं, मॅडम."

मॅडमनी कप तसाच बाजूला सारला. आपण जन्मभर राखलेल्या कपाटातलं सोनं कालच्या पोरीला सापडावं? त्या दिवसापासून निकिताचं हसणं, तिची स्कूटी, तिच्याभोवतीचा मुलामुलींचा गराडा, सगळंच त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं.

तिचं चुकलंय एवढं दाखवायचं म्हणून मॅडमनी ते जुनं वर्णन मिळवलं. शेपटीचं डावीकडचं शेवटचं पीस अपुरं आहे, असं त्यात लिहिलं होतं. निकिताच्या पक्ष्याचं ते पीस मोडकं होतं खरं, पण ते काही वर्षांपूर्वी कपाट हलवताना मोडलं होतं, मॅडमच्या डोळ्यांदेखत. त्यांनी शेजारचा रंग विटलेला चंडोल उचलला आणि भिंग धरलं. त्याचं पीस मोडलेलं नव्हतं, पक्षी मारला तेव्हा ते नुकतं उगवत होतं. बुडाशी कोवळं आवरण अजून तसंच होतं. खरा मूळ नमुना हा होता.

त्यांनी तो पक्षी वेगळा काढून ठेवला. निकिताला मात्र त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. खातरजमा करायला पुण्याहून तज्ज्ञ येणार होते. सांगायचं ते त्यांच्यासमोरच.

तज्ज्ञ आले. निकितानं आपला चंडोल पुढं ठेवून सगळं समजावून सांगितलं. मॅडमनी तिला मुद्दाम शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग दुसरा पक्षी टेबलावर ठेवला.

"निकिता, तुझा पक्षी चुकला. अपुरं म्हणजे मोडकं नव्हे."

तज्ज्ञांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि मान डोलावली. मॅडमची नजर निकिताच्या चेहऱ्यावर खिळली होती. तो उतरला, पण क्षणभरच. तिनं भिंग मागून घेतलं, वाकून पाहिलं आणि ती एकदम खुलली.

"मला हे जन्मात दिसलं नसतं, मॅडम. आता लेखावर पहिलं नाव तुमचं."

नको म्हणायला मॅडमना जमलं नाही.

लेख छापून आला, पहिलं नाव त्यांचंच होतं. कॉलेजात पेढे वाटले गेले. मॅडम स्टाफरूमच्या दारापर्यंत आल्या, तेव्हा आत बलभीममामा कुणाला तरी सांगत होते, "पोरीनं स्वतःचा शोध असून मॅडमला पहिला मान दिला. असलं मोठं मन आजकाल कुठं दिसतं?"

मॅडम दारातूनच मागं फिरल्या. पेढा त्यांनी घेतला नाही.