न्हाणीघराची कडी

नारायणरावांनी न्हाणीघराचं दार दोन्ही हातांनी धरून ओढलं. आतून सृष्टीचा रडवेला आवाज आला.

"आजोबा, कुंडी नहीं खुल रही!"

"घाबरू नकोस हं, बाळा. मी आहे ना! आत्ता उघडतो."

दार हललं, पण उघडलं नाही. नात आत किती भेदरली असेल, या विचाराने त्यांनी आणखी जोर लावून ओढलं. देवासच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता. हातोडी आणायला ते वळले, तर त्यांची लेक ऋतिका दारापाशी फरशीवर येऊन बसली होती.

"बाबा, थांबा जरा." दाराला तोंड लावून तिने विचारलं, "सृष्टी, कडी लावलीस तेव्हा काय केलं होतंस?"

हुंदके थांबायला वेळ लागला.

"दार अपनी तरफ ओढलं होतं. जोरात."

"का बरं?"

"नहीं तो लगती नहीं."

"मग आता काय करून बघशील?"

नारायणरावांना राहवेना. ऋतिका लहान असताना सायकलची चेन उतरली, गणित अडलं, की तिने हाक मारायच्या आत ते हजर असायचे. नकळत त्यांचा हात पुन्हा दाराच्या मुठीवर गेला.

"आजोबा, आप मत खींचो! मला ओढू द्या."

त्यांनी हात काढून घेतला. दार आतल्या बाजूला दबलं, खट्ट आवाज झाला आणि सृष्टी नाक पुसत, पण मोठ्या ऐटीत बाहेर आली. शेजारच्या मोनूला पराक्रम सांगायला ती तशीच पळाली.

"मी तर दारच उचकटलं असतं," नारायणराव हसले. "हे असं विचारत बसायचं तू शिकलीस कुठे?"

ऋतिका उठून ओढणी झटकत होती. वर्षापूर्वी मुलीला घेऊन ती धारच्या सासरहून परतली, तेव्हा 'नाही जमलं' एवढंच बोलली होती. त्यांनीही खोदून विचारलं नव्हतं.

"धारलाच," ती म्हणाली. "तिथे मला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावायचे."

नारायणरावांचं हसू ओसरलं.

"अगं, एक फोन तरी..."

"फोन काढून घेतला होता. सुरुवातीला मी नुसती बसून राहायचे, बाबा. वाटायचं, आता तुम्ही याल." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "खिडकीच्या जाळीचे स्क्रू आतल्या बाजूने होते. पहिल्या दिवसापासून. मला ते दिसायलाच कितीतरी महिने गेले."

विचारायचं पुष्कळ होतं. नारायणरावांच्या तोंडून एवढंच निघालं,

"कशाने काढलेस?"

"जेवणाच्या चमच्याने," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.